सड्यावर काडी ओढू नका

कोल्हापूरकरांनो, शिमगा तोंडावर आलाय. दाजीपूरच्या सड्यांवरचं गवत वाळून खडखडीत झालंय. आणि येत्या रविवारी तुमच्यापैकी कितीतरी जण गाड्या काढून राधानगरीच्या जंगलाकडं निघणार आहात. जरूर जा. गवे बघा, शेकरू बघा, कोकण दर्शनच्या कड्यावर उभे राहा. तुमच्या पोराबाळांनी हे जंगल पाहिलंच पाहिजे. फक्त एक करा. काडीपेटी आणि लायटर घरी ठेवून जा.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. माती जेमतेम. पावसाळ्यात तिथं पाऊल ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात. आता तिथं कमरेएवढं सुकं गवत आहे आणि त्याच्या कडेनं कारवी. दुपारी कोकणातून वारा वर चढायला लागला की ठिणगीला कुणी आवरू शकत नाही. आग चढाला जोरात धावते. माणूस चढाला दमतो. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, शनिवार-रविवारचा ट्रेक करायला गेलेली तरुण मुलंमुली अशाच वणव्यात सापडली. 20 हून जास्त जीव गेले. तो डोंगर आपल्याच पश्चिम घाटातला. ती मुलंही तुमच्या-माझ्या घरातल्यासारखीच होती, सोमवारी कामावर जायची होती.

म्हणून रस्सा मंडळवाल्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगतोय. मित्र जमवा, मटण शिजवा, भुरके मारा. कोल्हापूरचा तो आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण जंगलात चूल मांडू नका. ओढ्याकाठी नको, झाडाखाली नको, सड्यावर तर नकोच. तीन दगड, चार काटक्या, वर पातेलं, एवढंच दिसतं. निघताना तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, वाफ येते, चूल विझली असं वाटतं. खाली निखारा जिवंत राहतो. शेजारी गव्याचं वाळलेलं शेण पडलेलं असेल तर ते तासन् तास आत धुमसतं. तुम्ही फुलेवाडीला पोचता आणि मागं डोंगर पेटतो. त्यापेक्षा राधानगरी-दाजीपूर भागातल्या गावात आधी फोन करून जेवण सांगा. त्या घरात चार पैसे जातील, तुम्हाला चुलीवरची भाकरी मिळेल.

पेटलेल्या सड्याचं पुढं काय होतं ते बघा. 1958 साली दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलं गेलं. आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे आणि 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण यादीत नाव असलं म्हणून गव्याचं पोट भरत नाही. त्याला गवत लागतं, कोवळा पाला लागतो. ऐन उन्हाळ्यात ते जळून गेलं की कळप खाली उतरतो, उसात, शाळवात. हजार किलोपर्यंत वजनाचा नर अंधारात बांधावर उभा असतो आणि त्याच बांधावर बॅटरी घेऊन राखणीला गेलेला कुणाचा तरी बाप असतो. जिल्ह्यात गव्याच्या धडकेत माणसं गेली आहेत. आपल्या एका सिगारेटची किंमत त्या घरानं मोजावी, असं तुमच्यातल्या कुणालाच वाटणार नाही. मला खात्री आहे. मग सिगारेट गाडीतच राहू द्या.

जमिनीवर घरटं करणाऱ्या रानकोंबडीला अंडी उचलून पळता येत नाही. वाघालाही आडोसा लागतो. 2022 साली राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला एक नर वाघ 2023 च्या अखेरीस चांदोलीत दिसला, पट्ट्यांवरून ओळख पटली. सह्याद्रीच्या या धारेवरूनच तो चालत गेला. ती धार काळी करून ठेवली तर पुढचा वाघ कुठून जाईल?

आणि पाणी. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आता कोल्हापूरच्या नळापर्यंत आली आहे. त्या धरणात उतरणारे ओढे या डोंगरांतूनच येतात. बोडक्या उतारावर पहिला वळीव पडला की राख आणि माती मिळूनच खाली येते. तुमच्या घरातला हंडा आणि तो सडा एकमेकांपासून लांब नाहीत.

डोंगराकडेच्या गावकऱ्यांनो, तुमच्याशीही दोन शब्द. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं. पण दरवर्षी जाळलं तर रोपं मरतात, माती उघडी पडते आणि शेवटी तुमच्याच गुरांना चारा उरत नाही. कापा, भारे बांधा, घरी आणा. जाळू नका.

अभयारण्यात आग लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता हे करा, आत्ताच करा. मोबाइलमध्ये 1926 हा वनविभागाचा टोल फ्री नंबर साठवा. जंगलात धूर दिसला तर व्हिडिओ काढत थांबू नका. फोन लावा, जवळचं गाव किंवा सड्याचं नाव सांगा, धूर कुठल्या बाजूला सरकतोय ते सांगा. हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारे वनरक्षक आणि वनमजूर पायी चढत येतात. तुमच्या फोननं त्यांचा अर्धा तास वाचला तरी एक उतार वाचतो. स्वतः आगीच्या वरच्या अंगाला चढू नका. मुलांना घेऊन उघड्या कातळावर किंवा आधीच जळून विझलेल्या जागेवर जा, आणि सगळे एकत्र राहा.

रविवारच्या सहलीचा ग्रुप असेलच तुमचा. त्यावर आज रात्रीच लिहा: यंदा चूल नाही, काडीपेटी नाही, जेवण गावात. कुणी कुरकुर केली तर त्याला कुरंगणीचं सांगा.