द्रव्य, श्रद्धा आणि मनांतील शंका

गतवर्षीं वरच्या वर्गांतील मुलांस निबंधासाठीं ‘मी पुढें काय होणार?’ हा विषय दिला होता. वह्या तपासतांना एका विद्यार्थ्याच्या निबंधांत आम्हांस असें वाक्य आढळलें, कीं तें वाचून तांबडी लेखणी क्षणभर हातांतच राहिली. त्यानें लिहिलें होतें कीं, आपणांस व्यापार करावासा वाटतो. परंतु आपल्यासारख्या गरिबाघरच्या मुलास तो साधेल असें वाटत नाहीं. आणि साधलाच तर तें प्रभूस आवडेल कीं नाहीं, याचीहि भीति वाटते.

एकाच वाक्यांत येथें दोन शंका आहेत. पहिली म्हणते, ‘हें आपल्या हातून होणार नाहीं.’ दुसरी म्हणते, ‘झालेंच तर तें पाप ठरेल.’ दोघीहि नम्रतेचें वस्त्र पांघरून येतात, म्हणून भाविक घरांत त्यांस सहज आसन मिळतें. कर्जत व खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत अशीं घरें पुष्कळ आहेत. तेव्हां या दोन पाहुण्यांची नीट विचारपूस विद्यार्थी व पालक यांच्यासमोर एकदां करावी, असें आम्हांस वाटलें.

प्रथम पहिली शंका घेऊं. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत धन्यानें आपल्या तीन चाकरांच्या स्वाधीन द्रव्य केल्याचा दृष्टांत आहे. एकास पांच तालांत, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. तालांत हें नाणें नव्हे, तें वजन होय. एका तालांताचें मोल सुमारें ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर ज्याला एकच तालांत मिळाला त्याच्याहि हातीं वीस वर्षांच्या श्रमाचें धन आलें होतें. आपल्याला थोडें मिळालें असें ज्यास वाटत होतें, त्यालाहि थोडें मिळालें नव्हतें!

त्या तिसऱ्या चाकरानें कांहीं गमावलें नाहीं, चोरलें नाहीं, उधळलेंहि नाहीं. त्यानें तें जमिनींत पुरलें आणि जसेंच्या तसें परत केलें. मग धनी रागावला कशासाठीं? कारण तो चाकर भ्याला होता. धनी कठोर आहे, चूक झाली तर तो क्षमा करणार नाहीं, अशी त्याची समजूत होती. म्हणजे त्याची खरी शंका स्वतःच्या हाताविषयीं नव्हती. ती धन्याच्या अंतःकरणाविषयीं होती. आमचा जो विद्यार्थी ‘मला साधणार नाहीं’ असें म्हणतो, त्यानें हें नीट ध्यानांत घ्यावें. ज्यानें देणगी दिली तो दयाळू आहे असा ज्याचा विश्वास आहे, त्याला एकदां पडण्याची भीति राहते. पण पडून टाकून दिला जाण्याची राहत नाहीं. पहिल्या भीतीनें मनुष्य सावध होतो, दुसरीनें तो पांगळा होतो.

आमच्या मुलांनीं आणखी एक दृश्य कर्जतच्या स्थानकावर पाहिलें आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या तेथें थांबतात आणि त्यांच्या मागें जादा इंजिनें जोडतात. बोरघाटाची चढण अशी आहे कीं सदतीस फूट पुढें गेल्यावर गाडी एक फूट वर चढलेली असते. पुढचें इंजिन सपाटीवर कितीहि समर्थ असो, तेथें तें एकटें पुरत नाहीं. मागून ढकलणाऱ्या या इंजिनास रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. त्याचा पेढीशीं मात्र कांहीं संबंध नाहीं. ही मदत घेण्यांत पुढच्या इंजिनास कमीपणा येतो असें कोणी म्हणत नाहीं. श्रद्धेचें काम आम्हांस तसेंच वाटतें. ती आमच्या ऐवजीं ओढीत नाहीं. पुढच्या इंजिनानें ओढणें सोडलें तर बँकरहि काय करील? परंतु जेथें आमचें बळ सरतें, तेथें मागें कोणी आहे हा भरंवसा ती देते.

याच घाटाची दुसरी एक गोष्ट मुलींनीं विशेष लक्षांत ठेवावी. लोहमार्गाचें हें काम चालू असतां १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच अवधींत मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें कंत्राट सोडून दिलें नाहीं. तिनें तें आपल्याकडे घेतलें, जाणत्या अभियंत्यांच्या हातीं व्यवस्था सोंपविली आणि काम तडीस नेलें. १८६३ सालीं घाटांतून गाडी धांवूं लागली. परक्या देशांत, पतिनिधनाच्या दुःखांत एका स्त्रीस हें साधलें. मग वडिलांच्या लहानशा दुकानाचा हिशेब आपल्याला जमणार नाहीं असें आमच्या मुलींनीं कां म्हणावें?

तथापि येथें एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याची श्रद्धा दृढ त्याची पेटी भरते, आणि ज्याची पेटी रिकामी त्याच्या श्रद्धेंत खोट आहे, असा उपदेश अलीकडे ठिकठिकाणीं ऐकूं येतो. हें मत आम्हांस मान्य नाहीं. ईयोबाचे मित्र असेंच बोलत होते आणि देवानें त्यांचा निषेध केला. ज्याला डोकें टेंकावयास जागा नव्हती, त्या प्रभूच्या अनुयायांनीं श्रीमंती हें कृपेचें प्रमाणपत्र समजावें, हें विपरीत होय. श्रद्धा यशाची हमी देत नाहीं. ती एवढेंच करते, कीं अपयश आलें तर तोंड लपविण्याची गरज राहत नाहीं आणि यश आलें तर डोकें फिरण्याचें कारण राहत नाहीं.

आतां दुसरी शंका. द्रव्य मिळविणें हें पाप आहे काय? पौलानें तीमथ्यास लिहितांना सर्व अनर्थांचें मूळ म्हणून पैसा सांगितला नाहीं, पैशाचा लोभ सांगितला. पौल स्वतः तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत असे. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेनें त्याला आपल्या घरीं आसरा दिला. अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता आणि प्रभूचा देह त्याच्याच कबरेंत ठेविला गेला. श्रीमंत तरुणास प्रभूनें सर्व विकावयास सांगितलें. जक्कयानें मात्र आपलें अर्धें धन गरिबांस देण्याचें आणि ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत करण्याचें मनानें ठरविलें, आणि त्याच्याहि घरीं तारण आलें. म्हणजे प्रत्येकास एकच आज्ञा झाली नाहीं. प्रश्न मात्र सर्वांस दोनच पडतात. हें धन आलें कोठून? आणि जातें कोठें?

हे प्रश्न आमच्या भागांत पुस्तकी नाहींत. ज्या घाटाचें कौतुक आम्हीं वर केलें, तो बांधतांना पटकी आणि ताप यांनीं मजुरांचे बळी घेतले. त्यांचीं नांवें कोणी कोरून ठेविलीं नाहींत. आजहि आमच्या तालुक्यांतील कातकरी बांधव उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जातात आणि कित्येकांची ती उचल हंगाम संपला तरी फिटत नाहीं. अशा हिशेबांतून उभी राहिलेली माडी कितीहि उंच असो, तिच्यावर आशीर्वाद मागतांना जीभ अडखळलीच पाहिजे. म्हणून दुसरी शंका सर्वस्वी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिला दारावरचा पहारेकरी म्हणून ठेवावें. येणाऱ्या प्रत्येक रुपयास तिनें ‘कोठून आलास?’ असें विचारावें. मात्र पहारेकऱ्यानें दारास कायमचें कुलूप लावून घरच्याच माणसांस बाहेर उपाशी ठेवूं नये.

‘जातें कोठें?’ या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या पायांशीं वाहत आहे. १९१५ सालीं खोपोली येथें व १९२२ सालीं भिवपुरी येथें टाटांचीं वीजगृहें सुरू झालीं. घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी नळांतून खालीं कोसळतें आणि चक्रें फिरवितें. पुढें त्या पाण्याचें काय होतें? खोपोलीचें पाणी पाताळगंगेस मिळतें. भिवपुरीचें पाणी राजनाल्याच्या कालव्यानें कर्जतच्या शेतांत जातें, आणि एरवीं पावसाळ्यानंतर ओसाड पडणाऱ्या जमिनींत उन्हाळ्यांतहि भात डुलतो. पाणी अडविलें नसतें तर पावसाळ्यांतच वाहून गेलें असतें; अडवून तेथेंच ठेविलें असतें तर ना दिवा लागता, ना भात पिकता. साठवावें, कामास लावावें आणि पुढच्याच्या शेतांत जाऊं द्यावें: द्रव्याविषयीं याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजांत या धड्याचीं दोन थोर उदाहरणें आहेत. पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळांत आई-बाप गमावले. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून निराधार मुली केडगांवीं आणल्या, आणि १९०० च्या सुमारास त्यांच्या मुक्ति मिशनांत दीड हजारांवर माणसें आश्रयास होतीं. ठरलेल्या उत्पन्नाचा मोठा आधार नसतां एवढ्यांचें पोट भरावयाचें, ही शंकेस केवढी जागा! रमाबाईंनीं प्रार्थना केली. परंतु विहिरीहि खोदविल्या, शेती केली, गुरें पाळलीं, विणकाम व छापखाना चालविला, आणि मुलींच्या हातीं धंदा दिला. त्यांच्या घरीं प्रार्थना आणि हिशेबाची वही यांचें भांडण नव्हतें.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडलें आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ उभारण्यास आरंभ केला. पैसा त्यांच्या हातीं फार वेळ टिकत नसे, आणि त्यामुळें संसार चालवितांना लक्ष्मीबाईंची कशी तारांबळ उडे, तें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. एकीनें द्रव्य राबविलें, दुसऱ्यानें तें झुगारून दिलें. दोघेंहि द्रव्याचे दास झाले नाहींत. आणि असें मोठें मन केवळ आमच्याच समाजांत असतें असेंहि नाहीं. माथेरान येथें १९१२ सालीं जन्मलेले भाई कोटवाल वकील झाले होते. त्यांस सुखानें पैसा मिळवितां आला असता. त्यांनीं शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं धान्यकोठारें उघडलीं, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर देशासाठीं प्राण दिला.

पालकांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा झाला, त्याच्या आगेंमागें आमच्या भागांतील जमिनींचे भाव चढले, आणि भातशेतीच्या जागीं बागबंगले उठले. ज्यांनीं जमीन विकली त्यांच्या हातीं एकदम मोठी रक्कम आली. कित्येक घरांत ती मोटारगाडी व लग्नाचा मांडव यांत दोन-चार वर्षांत सरली, आणि आज त्याच घरांतील मुलगा आपल्याच जुन्या शेतांत उठलेल्या बंगल्याची राखण करतो. त्यास आम्ही हंसत नाहीं. राखणीचें काम प्रामाणिक आहे. परंतु गरिबीनें जसा मनाचा कोंडमारा होतो, तसा अवचित आलेल्या पैशानें मनाचा तोल जातो, हें तेथें दिसतें. घाटाच्या उतारावर गाडी अनावर झाली तर तिला चढावर वळवून थांबविण्यासाठीं जागोजाग आडफाटे ठेविले आहेत. घरांतहि असे आडफाटे असावेत. जमाखर्चाची वही हा एक, देवाच्या व गरिबांच्या नांवें आधीं बाजूस काढलेला दशांश हा दुसरा, आणि मोठा खर्च करण्यापूर्वीं बायकामुलांचा विचार घेणें हा तिसरा.

जॉन वेस्ली यानें १७६० सालीं प्रसिद्ध केलेल्या द्रव्यविषयक उपदेशांत तीन नियम घालून दिले: कोणाचा घात न करितां जितकें मिळवितां येईल तितकें मिळवावें, जितकें वांचवितां येईल तितकें वांचवावें, आणि जितकें देतां येईल तितकें द्यावें. पहिले दोन नियम पुष्कळांस आवडतात. तिसरा नसेल तर पहिले दोन माणसास कंजूष करून सोडतात. आणि पहिले दोन नसतील तर तिसऱ्यास द्यावयास कांहीं उरत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याच्या वहींत आम्हीं तेव्हां केवळ गुण लिहिले. उत्तर द्यावयाचें राहून गेलें होतें. तें येथें देतों. बाळा, व्यापार कर. माप खरें ठेव, चाकरास वेळेवर दाम दे आणि कोणाच्या अडचणीचा बाजारभाव करूं नकोस. नफा झाला तर तो राजनाल्याच्या पाण्याप्रमाणें पुढें जाऊं दे. तोटा झाला तर भिऊं नकोस. पुन्हां दुकानाची फळी उघड. ज्यानें तुझ्या हातीं एक तालांत दिला आहे, तो कठोर धनी नाहीं. तो जमिनींत पुरून मात्र ठेवूं नकोस.