वस्तूचे आयुष्य आणि विक्रेत्याचा शब्द

दुकानात पैसे मोजून आपण वस्तू घरी आणली की व्यवहार संपला, असे आपण समजतो. साखर, साबण, वही यांच्या बाबतीत ते खरेही आहे. त्या वापरल्या की सरल्या. परंतु जे यंत्र दहा-दहा वर्षे घरात राहावयाचे, ज्याच्यासाठी पुढेही कॅसेटी, तबकड्या, सुटे भाग विकत घ्यावे लागणार, त्या यंत्राबरोबर आपण विक्रेत्याचा एक न उच्चारलेला शब्दही विकत घेत असतो. "हे तुमच्या कामी येत राहील," हा तो शब्द. तो किती दिवस पाळला जातो, न पाळला गेल्यास दाद कोठे मागावी, आणि याबाबतीत आपले स्वतःचे कर्तव्य कोणते, याचा विचार विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी एकत्र बसून करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल व्हिडिओ कॅसेट घेऊ. रामनगरातील पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी जाड पुस्तकाएवढी एक काळी पेटी सापडेल. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर आईवडिलांची किंवा काकाकाकूंची नावे आणि लग्नाची तारीख असेल. त्या पेटीत लग्न आहे, वऱ्हाड आहे, आज हयात नसलेली आजी आहे. परंतु पाहावयाचे कसे? जो व्हीसीआर त्यासाठी लागतो तो घरात नाही, नवा बाजारात मिळत नाही, आणि कोठे अडगळीत पडलेला असलाच तर बहुधा चालत नाही. घरात धन आहे, पण पेटीची किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था.

ती कशी आली हे मुलांना ठाऊक असणे बरे. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स नावाची पद्धत बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणली. दोन्हींतील फीत अर्धा इंच रुंदीचीच. तरीही एका पद्धतीची कॅसेट दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रात बसत नसे. ज्याने जे यंत्र घेतले तो त्या पद्धतीला बांधला गेला. व्हीएचएसच्या कॅसेटवर अधिक वेळ चित्रण मावे, आणि ती यंत्रे अनेक कंपन्या बनवीत. त्यामुळे हळूहळू बाजार तिच्याकडे झुकला. १९८८ साली खुद्द सोनीनेच व्हीएचएसची यंत्रे काढावयास आरंभ केला. २००२ साली बीटामॅक्सची यंत्रे थांबली. २०१६ च्या मार्चमध्ये तिच्या कॅसेटी थांबल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैत फुनाई या जपानी कंपनीने व्हीएचएस यंत्रांचेही उत्पादन बंद केले. तशी यंत्रे बनविणारी ती जगातील शेवटची कंपनी होती.

आपल्या देशात १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, आणि त्यामागोमाग व्हिडिओही घरोघर पोहोचला. ज्यांना यंत्र परवडत नसे ते एका रात्रीपुरते भाड्याने आणीत, आणि अंगणात सारी आळी जमे. पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ साली चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना देऊ केली, तेव्हा सामान्य माणसालाही घरात चित्रपटांचा संग्रह करण्याची हौस वाटू लागली. २०१८ साली तीच कंपनी दिवाळखोरीत विसर्जित करण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी, ज्या व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील असंख्य घरांत होते, तिच्यावरही नादारीची कारवाई सुरू झाली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने चित्रण करता येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनीडीव्ही कॅसेटी बनविण्याचे थांबविले. या मिनीडीव्ही कॅसेटींवर एके काळी लग्नाचे चित्रण करणाऱ्या छायाचित्रकारांची सारी मदार असे.

या बदलाविषयी माझी तक्रार नाही. कंदील गेला आणि वीज आली, याचे कोणी दुःख करीत बसत नाही. कालचे यंत्र उद्या मागे पडणार, हा विज्ञानाचा धर्मच आहे. माझा आक्षेप आहे तो बदल लपविण्याला. वस्तू मावळतीला लागली आहे हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. आणि नेमक्या त्याच वेळी ती 'सवलतीत' पुढे केली जाते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. मुलींच्या लग्नाच्या तबकड्या पाहता याव्यात म्हणून त्यांनी सणाच्या सवलतीत शहरातील एका मोठ्या दुकानातून डीव्हीडीचे यंत्र घेतले. हमी एक वर्षाची होती. चौदाव्या महिन्यात यंत्र तबकडी वाचेनासे झाले. ते यंत्र कापडी पिशवीत घालून ते बसने पुन्हा त्या दुकानात गेले. तेथील तरुण नोकर म्हणाला, "याची लेन्स आता येत नाही, काका. हे मॉडेल केव्हाच बंद झाले." गृहस्थांनी विचारले, "मग विकताना का सांगितले नाही?" उत्तर आले, "तुम्ही विचारले नाही."

विद्यार्थिमित्रहो, या तीन शब्दांत साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. 'केव्हाच' बंद झालेली गोष्ट विक्रीच्या दिवशी दुकानाला ठाऊक नव्हती, असे कसे म्हणावे? गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय रोग्याने वैद्याला लावला तरी तो निंद्य. मग येथे तर वैद्यानेच तो रोग्याला लावला!

विक्रेता यावर म्हणेल, "यंत्र बनविते कंपनी, बंद करते कंपनी, आम्ही मधले. आम्हांला दोष का?" या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. आपल्या बाजारपेठेतील लहान दुकानदार तर ग्राहकाइतकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असतो. उलट जुने यंत्र उघडून, दुसऱ्या यंत्राचा भाग काढून त्याला बसवून देणारा कारागीरही त्याच्याच फळीवर बसलेला आढळतो. परंतु भाग मिळवून देणे विक्रेत्याच्या हाती नसले, तरी खरे सांगणे त्याच्या हाती असतेच. त्याला एक पैसाही खर्च येत नाही. "हे स्वस्त आहे, कारण हे आता बनत नाही, चालेल तोवर चालेल," एवढे सांगूनही पुष्कळ लोक ती वस्तू घेतील, आणि पुढे बिघडली तरी दुकानाला बोल लावणार नाहीत.

याबाबतीत अमेरिकेतील दोन प्रसंग बोधप्रद आहेत. सर्किट सिटी नावाच्या विद्युत-उपकरणांच्या एका बड्या दुकानमालिकेने १९९८ साली डिव्हएक्स नावाची तबकडी विकावयास काढली. सुमारे साडेचार डॉलरला ती घ्यावयाची. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांत चित्रपट पाहावयाचा. त्यापुढे पाहावयाचा तर पुन्हा पैसे भरावयाचे. यंत्र दूरध्वनीच्या तारेने कंपनीशी जोडलेले असे, आणि ही मोजदाद त्या तारेवरून चाले. लोकांना हा प्रकार रुचला नाही. १९९९ च्या जूनमध्ये ही योजना गुंडाळली गेली, आणि २००१ साली ती मोजदाद कायमची थांबल्यावर लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या त्या तबकड्या निरुपयोगी झाल्या. तबकडी ग्राहकाच्या घरात होती, पण तिची किल्ली दुकानाकडेच राहिली होती. यंत्र घेतलेल्यांना १०० डॉलर परत देऊ करण्यात आले, हे त्यातल्या त्यात बरे.

दुसरा प्रसंग २००८ सालचा. तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी आणि सोनीप्रभृतींची ब्लू-रे यांची दोन वर्षे चुरस चालली होती. फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतली. तेव्हा बेस्ट बाय या दुकानमालिकेने आपल्याकडून एचडी डीव्हीडीचे यंत्र घेतलेल्या ग्राहकांना ५० डॉलरची खरेदीपत्रे दिली. पद्धत बंद केली होती तोशिबाने. तरीही 'आम्ही मधले' असे दुकानाने म्हटले नाही. यात व्यापारी हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? परंतु ग्राहकाची नाराजी आपल्यालाही महाग पडते, हे ज्या व्यापाऱ्याला कळते तो शहाणा व्यापारी होय.

आपल्याकडे हा विचार रुजविण्याचे मोठे श्रेय मराठी माणसाकडे जाते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. त्यानंतर १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि आज त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. मालाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तू कोणत्याही शहरात घेतली असली तरी ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे खरेदी बेळगावला केली असो वा गोव्यात, आपल्याला कारवारच्या आयोगाकडे दाद मागता येते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून प्रथम सल्लाही घेता येतो.

परंतु कायदा दोष दूर करील. बंद पडलेले यंत्र तो पुन्हा सुरू करणार नाही. म्हणून माझी सूचना आहे की, प्रत्येक उपकरणाच्या पावतीवर हमीच्या मुदतीबरोबरच 'सुटे भाग अमुक वर्षांपर्यंत मिळतील' हा शब्दही छापला जावा. हे अशक्य कोटीतील नाही. युरोपीय संघाच्या देशांत २०२१ पासून दूरचित्रवाणी संचांचे महत्त्वाचे सुटे भाग किमान सात वर्षे मिळत राहिले पाहिजेत, असा नियम आहे. आता तर चित्रपट तबकडीवाचूनच, इंटरनेटवरून 'विकत' मिळतो. पण तो मालकीचा नसून केवळ पाहण्याचा परवाना असतो. हे ग्राहकाला विक्रीपूर्वी स्पष्ट सांगावे, असा कायदा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या जानेवारीपासून अमलात आला आहे. वस्तू कोणतीही असो, तिचे आयुष्य विकतानाच सांगावे, हे तत्त्व एकच.

ग्राहकाचीही काही बाजू आहे. कर वाचतो म्हणून पावती न घेणारा, हमीपत्र हरविणारा आणि केवळ किंमत पाहून वस्तू उचलणारा ग्राहक पुढे अन्यायाचा पुकारा करू लागला, तर त्याचे कोण ऐकणार? 'तुम्ही विचारले नाही' हे उत्तर अन्यायाचे खरे. पण ते ऐकावे लागू नये म्हणून विचारण्याची सवय आपण लावून घेतलीच पाहिजे. हे अजून बनते काय? दुरुस्ती कोठे होते? भाग किती वर्षे मिळतील? हे तीन प्रश्न विचारून मगच पैसे काढावेत.

आता त्या ट्रंकेतील कॅसेटीविषयी. आपल्या रामनगराला तिचे मोल निराळे सांगावयास नको. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि तेथील व आसपासच्या गावांतील पुष्कळ कुटुंबे येथे येऊन वसली. ज्यांनी तो गाव डोळ्यांनी पाहिला ती पिढी आता थकत चालली आहे. त्यांचे चेहरे, त्यांची बोली, लग्नघरातील बायकांची गाणी यांपैकी काही ना काही या कॅसेटींत उरले असण्याचा संभव आहे. फितीवरील चुंबकीय थराला दमट हवा सोसत नाही, आणि आपल्याकडचा पावसाळा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणून कॅसेट कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवावी. बुरशी दिसत असल्यास ती यंत्रात मुळीच घालू नये; प्रथम जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. तीन तासांच्या कॅसेटीची नक्कल करावयास तीन तासच लागतात, तेव्हा कामाला आजच लागलेले बरे. नकला दोन कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि चित्रात कोण कोण आहे याची यादी वडील माणसे सांगू शकतात तोवरच लिहून काढावी.

हे काम एकेका घराला जड वाटेल. आपल्या शाळेने एक चालू स्थितीतील व्हीसीआर मिळवून, संगणकाला जोडून, सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांसाठी हा उपक्रम हाती घेतल्यास मोठ्या विद्यार्थ्यांना विज्ञान, इतिहास आणि समाजसेवा यांचे शिक्षण एकाच वेळी मिळेल. चालू यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत, हे ध्यानात ठेवून हा निर्णय लवकर व्हावा.

आज जे विद्यार्थी या बाकांवर बसले आहेत, त्यांपैकी काही उद्या दुकानाच्या फळीवर बसतील, काही यंत्रे दुरुस्त करतील, आणि ग्राहक तर सारेच होतील. फळीवर बसणाऱ्यांनी विचारल्यावाचून खरे सांगावे. ग्राहक होणाऱ्यांनी संकोच न करता विचारावे. यंत्र केव्हा तरी बंद पडणारच. ते विकताना दिलेला शब्द तरी खरा असावा.