खव्याच्या मुलखात दूध न सोसणारे मूल

भूमचे नाव निघाले की पाठोपाठ खव्याचे नाव येते. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हा मुलूख अवर्षणाचा. पावसाने पाठ फिरवली तर गोठ्याने तारावे, ही येथील शेतकऱ्याची जुनी तजवीज. त्यातूनच भूम व आसपासच्या गावांत खव्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि याच तालुक्यातील कुंथलगिरीच्या पेढ्याने दूरवर नाव कमावले. बारशाला पेढा, निकालाला पेढा, नोकरी लागली तरी पेढा. आनंद वाटायचा तो दुधाच्या रूपाने, असा येथील शिरस्ता आहे. अशा मुलखात एखाद्या घरी दुधाची तीव्र ॲलर्जी असलेले मूल वाढत असेल, तर त्याच्या आईबापांचे दिवस कसे जात असतील, याचा विचार आपल्या सार्वजनिक जीवनात अद्याप झालेला नाही. तो व्हावयास हवा. कारण हा प्रश्न वरकरणी एका कुटुंबाचा दिसला, तरी त्याचे उत्तर त्या कुटुंबाच्या हाती नाही.

प्रथम या विकाराचे स्वरूप पाहू. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी प्रतिकारयंत्रणा असते, ती काही मुलांत दूध, अंडे, शेंगदाणा, गहू वा मासळी यांतील निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. पुढल्या खेपेस तोच पदार्थ पोटात गेला की काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात. आणि प्रसंग बिकट असेल तर श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. या अखेरच्या अवस्थेला वैद्यक ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणते. हा शब्द १९०२ सालचा. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी कुत्र्यांना सागरी प्राण्यांचे विष टोचून पाहिले. पहिली मात्रा पचवलेल्या कुत्र्याला तीन आठवड्यांनी तेच विष अल्प प्रमाणात दिले, तेव्हा तो अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला. मागच्या वेळी एवढे काही झाले नव्हते, आता थोडे थोडे देऊन सवय लावावी, असा सल्ला अशा मुलाच्या आईला घरोघरी मिळतो. सल्ला देणाऱ्या आजीच्या वा मावशीच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मागच्या वेळी निभावले हा पुढच्या वेळचा हवाला नव्हे, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. अल्प मात्रा वाढवत नेण्याचे उपचार आज होतात, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. स्वयंपाकघरात ते करून पाहणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे होय.

या बाबतीत आपली भाषाही थोडी घात करते. ‘वावडे’ हा शब्द आपण प्रकृतीला न मानवणाऱ्या पदार्थासाठी वापरतो आणि नुसत्या नावडीसाठीही. त्यामुळे दुधाचे वावडे म्हटले की ऐकणाऱ्यास ते मुलाचे लाड किंवा आईची हौस वाटते. ‘अंगावर पित्त उठले’ म्हटले की आमसुलाचे पाणी लावून प्रकरण मिटते. साध्या गांधींना तो उपाय एकवेळ चालेल. घसा सुजत असताना त्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत. गाईचे दूध बाधते तर शेळीचे द्यावे, हा असाच आणखी एक समज. ज्या जिल्ह्याचे जुने नाव ‘उस्मानाबादी’ शेळीने देशभर पोहोचवले, तेथे हा पर्याय सुचणे साहजिकच आहे. परंतु गाईच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी असतात, की गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचेही चालत नाही. दूध पिऊन पोट फुगणे व जुलाब होणे ही दुग्धशर्करा न पचण्याची तक्रार वेगळी. तिने जीव जात नाही.

आता दुसरी बाजू. हा विकार आपल्याकडे विरळा आहे. दक्षिण भारतातील शाळकरी मुलांची जी पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तीत अन्नाची संभाव्य ॲलर्जी असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ०.१४ टक्के, म्हणजे हजारात एखादे-दुसरे आढळले. त्याच पाहणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात असलेली मुले मात्र पाचात एक या प्रमाणात निघाली. अर्थात रक्ताच्या चाचणीचा कागद म्हणजे ॲलर्जी नव्हे. पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्षात काय घडले, हा खरा पुरावा. शहरातून तीस-चाळीस पदार्थांची तपासणी करून आणायची आणि त्या यादीवर बोट ठेवून मुलाचे दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे सारे बंद करायचे, ही चाल धाराशिवसारख्या जिल्ह्यात विशेष घातक आहे. नीती आयोगाने २०१८ साली महाराष्ट्रातील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत हा एक होता. जेथे मुलांच्या ताटात प्रथिने आधीच बेताची, तेथे भयापोटी त्यांत कपात करणे हा दुसरा अपाय. शिवाय लंडनमध्ये ६४० अर्भकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले, की धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ योग्य रीतीने दिले, तर शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण फार घटते. तेव्हा भीतीने सर्वांचे अन्न तोडू नये आणि ज्याला खरोखर बाधते त्याच्या बाबतीत यत्किंचितही हयगय करू नये, असे हे दुहेरी पथ्य आहे. ते सांभाळण्यास जाणत्या डॉक्टरचे निदान हवे.

विकार विरळा आहे हीच आईबापांची खरी अडचण. गावात तसे दुसरे मूल कोणी पाहिलेले नसते, म्हणून त्यांच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सत्यनारायणाच्या पंचामृताला व शिऱ्याला नाही म्हणावे तर देवाचा अवमान, गोपाळकाल्याला नाही म्हणावे तर शेजाऱ्यांचा. आई घरातील भांडी वेगळी ठेवील, बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचील. पण मूल तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत जाऊ लागले की तिचा पहारा उंबरठ्यापाशी संपतो. शाळेत अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने त्याची चव घ्यावी, असा नियम आहे. तो चांगलाच आहे. पण त्या चवीने अन्न नासले आहे की नाही एवढेच कळते. सर्वांना पौष्टिक असलेला पदार्थ एकाला घातक आहे, हे चवीने कळत नाही. त्यासाठी हजेरीपटाशेजारी एक लेखी नोंद लागते.

आणि त्याहून महत्त्वाचे लागते ते औषध. ॲनाफिलॅक्सिसवर पहिला उपाय एकच: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचलेले, मुलाच्या वजनाच्या दर किलोला एक शतांश मिलिग्रॅम. ॲलर्जीच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशात पालकांजवळ मात्रा भरलेली तयार सुई असते. आपल्या तालुक्याच्या औषध दुकानात तिची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. परंतु ॲड्रेनलिनची साधी काचेची कुपी काही रुपयांची आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. वाडीवस्तीवरून भूमच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून बार्शीला किंवा धाराशिवला पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा या आजारात हाताशी नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि ती बोलावलीच पाहिजे, कारण सुधारलेले मूल काही तासांनी पुन्हा ढासळू शकते. पण सुई त्या आधी टोचली गेली पाहिजे.

हे खेड्यात कसे शक्य आहे, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. २०२१ साली कोविडची लस टोचल्यावर आपणा सर्वांना अर्धा तास बसवून ठेवीत, ते याच आजाराच्या भीतीने. बालकांच्या लसीकरण सत्रातही आरोग्यसेविकेपाशी ॲड्रेनलिनची पेटी असते आणि लसीनंतर ॲनाफिलॅक्सिसची शंका आल्यास पहिली मात्रा देण्याचे प्रशिक्षण व अनुमती तिला शासनाने दिलेली आहे. औषध तेच, मांडी तीच, हात तोच. केवळ कारण लस नसून पेढा आहे, एवढ्याने ती अनुमती थांबावी काय? ज्या अंगणवाडीत किंवा शाळेत निदान झालेले मूल आहे, तेथे ते बसते तोवर ही पेटी ठेवावी आणि आरोग्यसेविका जवळ नसेल तर टोचता येईल असे किमान दोन कर्मचारी डॉक्टरांकडून तयार करून घ्यावेत. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे, हे मान्य. म्हणूनच ही सक्ती सर्व शाळांवर नको. जेथे तसे मूल आहे तेथेच, आणि लेखी आदेशाच्या संरक्षणासह. सद्भावनेने सुई टोचणाऱ्यास पुढे चौकशीचा ससेमिरा लागणार असेल, तर कोणीच हात पुढे करणार नाही.

आहारातील पर्यायाचे तत्त्वही शासनास परके नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले, तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे ठेवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचा शासकीय निधी थांबला, हा भाग निराळा. पण श्रद्धेला जो पर्याय मिळाला, तो आजाराला नाकारण्याचे कारण नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांना तपासतात. काही खाल्ल्यावर या मुलाला दम लागला किंवा तोंड सुजले होते काय, एवढा एक प्रश्न त्यांनी पालकांस विचारावा आणि संशयित मुलास निदानासाठी पुढे पाठवावे.

राहता राहिला बाजार. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंद पुड्यांवर दूध, अंडी, शेंगदाणे आदी घटकांचा इशारा छापणे बंधनकारक केले. पण तो इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी पुरतो. केवळ मराठी वाचणाऱ्या आईला इंग्रजी इशाऱ्याचा उपयोग काय? सुटी मिठाई आणि फरसाण तर पुड्याबाहेरचेच. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या परातीवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्यास सांगण्यात आले. त्याच पाटीवर ‘यात दूध आहे’, ‘यात शेंगदाणा आहे’ असे दोन मराठी शब्द लिहिण्यास कितीसा खर्च येणार? खव्याच्या धंद्याला त्याने बाधा येणार नाही. उलट आपल्या मालात काय आहे हे उघड सांगणाऱ्या दुकानाची पत वाढेल.

दुधाची ॲलर्जी असलेली पुष्कळ मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात. म्हणजे हा पहारा बहुधा काही वर्षांचाच असतो. मात्र तेवढी वर्षे मूल सुखरूप राहिले पाहिजे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या आरोग्य, शिक्षण आणि महिला व बालकल्याण विभागांनी एकत्र बसून अशा मुलांची यादी करावी आणि त्यांच्या शाळांपुरता वरील आदेश काढावा. यादी लांब नसेल, आणि खर्चाचा आकडा त्याहून लहान असेल.