मेंदूचं शिक्षण म्हणजे फक्त डॉक्टरकी?

एमबीबीएसला नंबर लागला नाही की आपल्याकडे सुतकच! मला हे पटत नाही. पोरीला मेंदूत रस आहे ना? मग बीएस्सीनंतर मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये न्यूरोसायन्स घेऊन एमएस्सी करता येतं. पेशंटजवळच राहायचं असेल, तर ऑक्युपेशनल थेरपी बघा. कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हे शिक्षण सुरू केलं, तरी लोक अजून विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय हो?’ माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूनंतर शर्टाचं बटण लावायला अशाच एका मुलीनं शिकवलं. महिनाभर, रोज तेच. मोठ्या डॉक्टरांचं नाव घरात सगळ्यांना पाठ. तिचं कुणी विचारलंही नाही. आणि स्थळं बघताना ती ‘नुसती थेरपिस्ट’!