लगामाविना शर्यत

दोस्तांनो, पेण-रोह्याच्या मुलांना बैलगाडीची शर्यत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यांवर ओहोटीची ओली, घट्ट वाळू उघडी पडली की गाड्या सुटतात. 2014 साली सुप्रीम कोर्टानं या शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं शर्यतींना मान्यता देणारा कायदा कायम ठेवला. सगळा वाद खरं तर एकाच प्रश्नाचा : बैल हौसेनं धावतो की भीतीनं?

हा प्रश्न मनात ठेवून आज जरा लांब जाऊ. थेट अलास्काला! तिथे बर्फावर घसरगाड्यांच्या शर्यती होतात आणि गाडी ओढतात कुत्रे. अँकरेज शहरातली नामांकित शर्यत 1946 साली सुरू झाली. तीन दिवस, रोज साधारण 40 किलोमीटर. हे कुत्रे सिनेमातल्यासारखे केसाळ, निळ्या डोळ्यांचे असतील असं वाटतं ना? छे! बरेचसे सडसडीत, मिश्र जातीचे. आपल्या गल्लीतल्या मोत्याचे चुलतभाऊ शोभावेत असे. पण वेग? ताशी तीसेक किलोमीटर. सायकल कितीही दामटा, दमाल तुम्हीच.

आता गंमत ऐका. या गाडीला लगाम नसतो. हाकणारा मागे उभा आणि हाती फक्त आवाज. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. (हे शब्द मुळात तिकडच्या शेतकऱ्यांचे, बैल-घोडे हाकायचे बरं का!) सगळ्यांत पुढचा कुत्रा आडदांड नसला तरी चालतो, त्याला ऐकता आलं पाहिजे. आणि तो मध्येच बसला, तर मागची अख्खी गाडी बसली! दमलेल्या कुत्र्याला वाटेत सोडून देता येत नाही. त्याला गाडीत घालून शेवटपर्यंत आणावं लागतं.

जॉर्ज अ‍ॅटला हा तिथल्या आदिवासी वस्तीतला मुलगा. लहानपणी क्षय झाला, कितीतरी वर्षं इस्पितळात गेली, एक गुडघा कायमचा ताठ झाला. तोच 1958 मध्ये अँकरेजची शर्यत जिंकला, आणि पुढे आणखी नऊ वेळा! त्याचं म्हणणं असे, कुत्रा चुकत नाही, चुकतो तो शिकवणारा.

आता आपला बैल. 2014 च्या निकालात म्हटलं होतं, की बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही. घाबरला की तो पळतो. गाडामालक म्हणतात, शर्यती आहेत म्हणून तर खिलार टिकलाय, पोरासारखं जपतो आम्ही त्याला. मला दोन्हींत तथ्य दिसतं. म्हणूनच आजचे नियम मोलाचे वाटतात : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी, धाव एक किलोमीटरपेक्षा जास्त नको. आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांना साफ बंदी. म्हणजे इथेही उरला तो आवाजच.

पुढच्या वेळी शर्यतीला गेलात की पहिलं कोण आलं ते बघालच. पण गाडी थांबल्यावर मालकानं हात पुढे केला, की बैल जवळ येतो की अंग चोरतो, तेही बघा. दोरीच्या अलीकडून हं! आणि काय दिसलं ते आम्हाला पत्रानं कळवा.