सरकारी दवाखाना सुधारा, पण सरकारीच ठेवा

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य.



सरकारी दवाखाने सरकारला चालवता येत नाहीत, ते खाजगी भागीदारीत द्यावेत, असे आता उघडपणे बोलले जाते. नीती आयोगाने जानेवारी 2020 मध्ये जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून देण्याचा मसुदा मांडला. मुदत 60 वर्षांची, आणि रुग्णालयातल्या काही खाटा चक्क बाजारभावाच्या. अशा कराराचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यात काय होईल, ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र.

2017 चा पावसाळा या जिल्ह्याच्या विस्मरणात जाणार नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला लागली होती. पाठीवर पंप, अंगात भिजलेला सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा, अशा अवस्थेत मजूर फवारणी करत होते आणि तो फवारा त्यांच्याच तोंडावर येत होता. शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारेच जास्त. त्यांना ‘मेडिकल’ला नेले, म्हणजे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. विषाने भान हरपलेल्या रुग्णांचे हात तिथे कापडाच्या पट्ट्यांनी खाटेला बांधावे लागत होते. अनामत रक्कम न भरता दाखल होता येईल अशी जागा त्या कुटुंबांना तीच एक माहीत होती.

त्याच संकटात व्यवस्थेची दैनाही दिसली. एवढ्या मोठ्या कापूस जिल्ह्याच्या मुख्य रुग्णालयात कीटकनाशकाची बाधा मोजणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी होत नव्हती. पुढे 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत 12 बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. तेव्हा आहे ते तसेच राहू द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. सुधारणा हवीच, आणि ती लवकर हवी.

खाजगी म्हणजे वाईटच, असेही माझे म्हणणे नाही. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका खाजगी कंपनीमार्फत धावते आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना तो नंबर तोंडपाठ आहे. पण रुग्णवाहिकेचे कंत्राट काही वर्षांनी बदलता येते. साठ वर्षांसाठी दिलेले रुग्णालय परत मिळवणे तेवढे सोपे नसते.

याचा अनुभव यवतमाळला आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे इंग्रजी अमदानीतल्या खाजगी कंपनीची. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वे सरकारजमा झाल्या, ही राहून गेली. गाडी सरकारने चालवायची आणि मालकी कंपनीची, असा कारभार कित्येक दशके चालला. रूळ जीर्ण होत गेले आणि अखेर गाडी बंद पडली.

दवाखान्याचे उदाहरण हवे असेल तर मुंबईत मरोळला आहे. महापालिकेच्या जागेवर सेव्हन हिल्स रुग्णालय उभे राहिले. 20 टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी राखायच्या, असे ठरले होते. त्यावरून वाद झाले, रुग्णालय कर्जात बुडाले आणि 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. मुंबईकराला निदान दुसरे रुग्णालय गाठता येते. झरी-जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून निघालेल्या माणसाला यवतमाळ गाठायलाच शंभर किलोमीटरची वाट तुडवावी लागते. तिथेही दार बंद मिळाले तर त्याने कुठे जायचे?

विम्याचे कार्ड आहे, असे उत्तर मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे खरेच आहे. पण कार्डाचा उपयोग दाखल झाल्यावर. रोजची रक्तदाबाची गोळी, बाळंतिणीची तपासणी, तापाचे औषध यांना जवळचा चालता दवाखानाच लागतो, आणि त्यात हजर असलेला डॉक्टर.

म्हणून मागणी साधी आहे. रिक्त पदे भरा आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञांना कायम करा. वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड येथील रुग्णालयांत अतिदक्षता खाटा चालू ठेवा. फवारणीचा हंगाम लागण्याआधी तिथे विषबाधेवरचे अॅट्रोपिन आणि सर्पदंशावरचे प्रतिविष पुरेसे पोहोचवा. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाने उपचार मोफत केले, त्याबद्दल शासनाचे आभार. मात्र आमचे सर्वांत मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. गरिबाला दोन खात्यांतला फरक कळत नाही, त्याला खिडकीवर मागितलेले पैसे कळतात. तो निर्णय तिथेही लागू व्हावा यासाठी आपण मंत्रिमंडळात आग्रह धरावा. आणि कुठलाही भागीदारी करार होणार असेल, तर त्याचा पूर्ण मसुदा मराठीत प्रसिद्ध करून जिल्हा परिषदेत व ग्रामसभांत आधी चर्चेला ठेवा.

मंत्रिमहोदय, असा करार आपल्या टेबलावर आला, तर त्यात एकच गोष्ट शोधा. रोजाने फवारणी करणारा मजूर रात्री दोन वाजता खिशात दमडी नसताना दारात आला, तर त्याला दाखल करून घेणे कोणावर बंधनकारक आहे? ती जबाबदारी शासनाची, असे त्यात स्वच्छ लिहिलेले नसेल, तर कृपा करून सही करू नका.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक