अफूचा मक्ता नाकारणारा वसाहतकार

ज्या काळी अफू, जुगार आणि दारू यांच्या मक्त्यांतून सरकारी खजिन्यात महसुलाचा घसघशीत भरणा होत असे, त्या काळी बोर्निओ बेटावरील सारावाकचा गोरा राजा चार्ल्स ब्रुक याच्याकडून जमीन आणि तगाई घेणारा एक चिनी गृहस्थ आपल्या वसाहतीत हे मक्ते शिरू देण्यास साफ नकार देतो, ही गोष्ट चिनी स्थलांतरित ख्रिस्ती समाजाविषयीच्या आपल्या ठरीव कल्पनांना हादरा देणारी आहे. परमुलखात गेलेला चिनी माणूस ख्रिस्ती असला, की त्याला कोणा गोऱ्या पाद्र्याने पोटाच्या मिषाने बाटवले असणार, असा निवाडा आपण पुरावा न मागताच देऊन मोकळे होतो. ही वसाहत जेथे वसली त्या सारावाकातील राजांग नदीकाठच्या सिबू गावाचे दप्तर उघडले म्हणजे हा निवाडा टिकत नाही.

मक्ते नाकारणाऱ्या ह्या गृहस्थाचे नाव वाँग नाय सियाँग. 1849 साली चीनमधील फूचौनजीकच्या मिनचिंग परगण्यात जन्मलेल्या वाँग यांनी तरुणपणीच मेथडिस्ट पंथाचा बाप्तिस्मा घेतला, परंतु कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे अध्ययन सोडले नाही, आणि 1894 साली ते प्रांतिक परीक्षेत उत्तीर्णही झाले. त्याच वर्षी जपानबरोबरच्या आरमारी लढाईत त्यांचा भाऊ धारातीर्थी पडला. 1898 च्या राज्यसुधारणेच्या चळवळीत ते सामील होते, आणि ती चिरडली गेल्यावर सिंगापुरात वृत्तपत्राचे संपादन करीत असतानाच, दुष्काळ, दाटी आणि जुलमी कारभार यांनी पिचलेल्या आपल्या मुलखातील कुळांसाठी नवी भूमी शोधावी, हा ध्यास त्यांनी घेतला. 1900 साली राजाशी करारनामा झाला.

1901 च्या जानेवारीत पहिली तुकडी सिबूला उतरली तेव्हा ती अवघी 72 जणांची होती. आपल्याला हमाल म्हणून विकणार ह्या धास्तीने काहीजण सिंगापुरातच काढता पाय घेऊन निघून गेले होते, आणि त्या काळचा मजुरांचा व्यापार पाहता ही धास्ती वेडगळ नव्हती. मार्चमध्ये खुद्द वाँग मोठी तुकडी घेऊन आले. पुढची तुकडी धरून ही संख्या अकराशेच्या वर गेली. बहुसंख्य लोक मेथडिस्ट होते. म्हणजे ज्याला आपण मिशनचे कार्य म्हणतो, ते मिशनऱ्याने येथे ठाण मांडण्यापूर्वीच शेतकऱ्यांच्या पडशीतून येऊन पोहोचले होते. प्रवासात त्यांच्यासोबत होते बिशप फ्रँक वॉर्न, जे त्यापूर्वी कलकत्त्यात धर्मसेवा करीत होते. आणि सिंगापुरात ह्या पंथाचा पाया घालणारे विल्यम ओल्डहॅम हे तर हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात नोकरीस असताना पुण्याच्या एका धर्मसभेत ह्या पंथाकडे वळले होते. पुण्याहून निघालेला धागा राजांगच्या काठी असा पोहोचतो, ह्याची नोंद आपल्या इतिहासकारांनीही घ्यायला हरकत नाही.

पुढची हकिकत मात्र भाविकांच्या पुस्तकात शोभावी अशी गोड नाही. भाताने दगा दिला, हिवतापाने माणसे नेली, तगाईची फेड होईना, आणि मक्त्यांना नकार दिल्यामुळे दरबारी मर्जीही आटली. 1904 साली वाँग कर्जाचा बोजा घेऊन सिबू सोडून गेले. त्यांच्या मागे कारभार सांभाळला तो 1903 साली आलेल्या जेम्स हूव्हर ह्या अमेरिकन पाद्र्याने. रबराची रोपे, भात सडण्याची गिरणी, शाळा, असा त्याचा झपाटा होता. 1935 साली हिवतापानेच त्याचा अंत झाला. प्रार्थनामंदिर हीच तेथील शाळा, तीच पंचायत, आणि साहेबाकडे अर्ज करायचा तर तीच कचेरी. मातीच्या भट्टीच्या आतल्या अंगाला चिकटवून भाजलेली तिळाची कोंपिया नावाची फूचौची रोटी सिबूच्या बाजारात आजही विकली जाते, आणि उपासनाही फूचौच्या बोलीत चालत आली आहे. धर्मांतराने माणूस आपल्या मातीतून उपटला जातो, असे म्हणणाऱ्यांनी ह्या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

वसाहत रबराने तरली, हे खरे, आणि म्हणून पुष्कळ लेखक श्रेयाचे माप हूव्हरच्या पदरात टाकतात. माझे मत वेगळे आहे. रबर कोणीही लावले असते; कर्जदार असूनही आपल्या धन्याच्या उत्पन्नावर पाणी सोडायला लावणारा माणूस विरळा. त्याची श्रद्धा खरी होती ह्याचा याहून सबळ पुरावा मला तरी बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीत सापडत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या गौरवगाथेत बहुधा गाळली जाते. राजाने जी जमीन दिली, ती तेथील इबान ह्या आदिवासी लोकांच्या मुलखातली होती, आणि पुढे ह्याच फूचौ समाजातून सारावाकच्या मोठमोठ्या लाकूड कंपन्या उभ्या राहिल्या, ज्यांच्या करवतींनी नदीखोऱ्यांतील अरण्ये आणि तेथल्या वनवासी लोकांचे जिणे उजाड केले. सिबूत वाँग यांच्या नावाचा रस्ता आहे, उद्यान आहे. पण जे उत्पन्न शेजाऱ्याच्या नाशातून येते ते घ्यावे की नाही, हा अफूच्या मक्त्याबाबत त्यांनी स्वतःला घातलेला प्रश्न त्यांच्या वारसांनी लाकडाच्या पैशाबाबतही तितक्याच कठोरपणे स्वतःला घातला पाहिजे.